आधी फोन तपासा, मग प्लॅन बदला

एकांनी विचारलंय की नेटफ्लिक्सचा महागडा प्लॅन घेऊनही मोबाइलवर चित्र धूसर का दिसतं. प्लॅन वाढवण्याआधी फोनची वाइडवाइन लेव्हल बघा, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेत (डीआरएम) फोन कुठल्या पातळीवर आहे ते. डीआरएमची माहिती देणारी फुकट अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर आहेत, त्यात ती लगेच दिसते. लेव्हल एल३ असेल तर नेटफ्लिक्स एचडी देतच नाही, पैसे कितीही भरा. एचडीसाठी एल१ लागतं. स्वस्तातला फोन घेताना दुकानदार हे कधीच सांगत नाहीत, आणि ते मला फार खटकतं.

टीव्हीसाठी हिशेब वेगळा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये दर उतरवले तेव्हा महिन्याला बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९, प्रीमियम ६४९ झाला. बेसिकला ७२०पी, म्हणजे साधं एचडी मिळतं. ३२ इंची टीव्हीला तेवढं पुरे. ४३ इंचीवर मात्र फरक डोळ्यांना जाणवतो. प्रीमियमवरचं फोर-के हवं तर नेट किमान १५ एमबीपीएस पाहिजे, नाहीतर प्रीमियमचे पैसे पाण्यात.

अ‍ॅमेझॉन प्राइम वर्षाला १४९९, म्हणून स्वस्त वाटतं. पण जून २०२५पासून मध्ये जाहिराती येतात, त्या घालवायला वर्षाला आणखी ६९९. तुलना करायची तर २१९८ धरून करा.