वकिलात, दूतावास की उच्चायुक्तालय?

जुन्या मासिकात 'लंडनमधील आपली वकिलात' असं वाचलं. मुलीने विचारलं, "म्हणजे वकिलांचं ऑफिस?" वकिलात म्हणजे दूतावासच ना? आणि लंडनमध्ये तर आपलं उच्चायुक्तालय आहे. मग बरोबर काय?

– वकिलात म्हणजे दूतावासच. मूळ अरबी 'वकील' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पेशवाईत दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे, हे सगळे वकीलच. निरोप पोचवणं, बोलणी करणं आणि दरबारातली बित्तंबातमी पुण्याला लिहून कळवणं हे त्यांचं काम. कोर्टातला वकील पुढे आला आणि शब्द बळकावून बसला! तरी 'तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?' यात जुना अर्थ अजून जिवंत आहे.

उच्चायुक्ताची गोष्ट वेगळी. कॅनडाने १८८० मध्ये लंडनला प्रतिनिधी नेमला, पण दोन्हीकडे राणी एकच. राणीने स्वतःकडेच राजदूत कसा पाठवायचा? म्हणून 'हाय कमिशनर'. भारत १९५० मध्ये प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात राहिला, त्यामुळे नावही राहिलं. दर्जा राजदूताचाच.

– मला 'दूतावास' खटकतो. दूत अधिक आवास, म्हणजे दूताचं घर. पण राजदूत बहुतेक ठिकाणी राहतो वेगळ्याच बंगल्यात, आणि दूतावासात असतात टेबलं, फायली अन् व्हिसाची रांग. 'वकिलात' म्हटलं की घर नाही, अधिकार डोळ्यांपुढे येतो. अर्थात आता बातमीत वकिलात लिहिलं तर निम्मे वाचक वरच्या मुलीसारखेच फसतील, हेही खरं.

– जाता जाता: दूतावास म्हणजे त्या देशाची भूमी, हा समज चुकीचा. जमीन यजमान देशाचीच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ एवढंच सांगतं, की प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या पोलिसांनीसुद्धा आत पाऊल टाकायचं नाही.

– आभार. मग मुंबईतल्या अमेरिकेच्या कचेरीलाही वकिलात म्हणता येईल?

– नको. तो वाणिज्य दूतावास: पासपोर्ट, व्हिसा, व्यापार, अडचणीतले नागरिक. पेपरवाले सर्रास 'मुंबईतील अमेरिकी दूतावास' छापतात, पण दूतावास दिल्लीत. वकील दरबारात असायचा, बंदरावर नाही.