मदत हवी आहे: 'मी पोळी खाल्लो' कसं सुटेल?

तमिळ आणि कन्नड मातृभाषेच्या 6 प्रौढांना मराठी शिकवते आहे, आठवड्याला 2 तास. गाडी अडलीय सकर्मक भूतकाळावर. त्यांच्या भाषांत क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, मराठीत इथे कर्माप्रमाणे; म्हणून 'मी पोळी खाल्लो', 'ती चहा घेतली' अशी वाक्यं येतात. 'त्याने'मधला 'ने' निदान सावध तरी करतो. 'मी', 'आम्ही'ला तीही खूण नाही.

तक्ता दिला, रिकाम्या जागा भरून घेतल्या. कागदावर बिनचूक, बोलताना पुन्हा 'खाल्लो'. मग नामं लिंगासकट पाठ करून घेतली (तो आंबा, ती पोळी, ते केळं) आणि 'मी' कायम ठेवून फक्त कर्म बदललं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. याने खरंच फरक पडला! पण 'ती मराठी शिकली', 'मी नाव विसरलो' आलं, जिथे कर्म असूनही रूप कर्त्याप्रमाणेच बदलतं, की घडी विस्कटते. 'मुलीला पाहिलं' (कर्माला 'ला' लागलं की रूप कर्माप्रमाणेही बदलत नाही) अजून काढलेलंच नाही.

देवनागरी सगळ्यांना वाचता येते. हिंदी कुणालाच येत नाही, त्यामुळे 'मैंने'चा आधार नाही.

शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे ही क्रियापदं आधीच वेगळी पाठ करून घ्यावीत, की 'खाल्ली' जिभेवर बसेपर्यंत टाळावीत? टाळायची तर साधारण किती आठवडे?