ओपन वर्ल्ड गेमचा सेव्ह अडकलाय. पॅचची वाट बघू की पहिल्यापासून खेळू?

मंडळी, मदत हवी आहे. गुहागरजवळ आमचं होमस्टे आहे. पावसाळ्यात पर्यटक फिरकत नाहीत, म्हणून रात्री मी पीसीवर असतो. यंदा एक नवा ओपन वर्ल्ड गेम आल्या आल्या स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) घेतला. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे वाहत जाईल.

मुख्य मिशनमध्ये पुलाखाली एका बाईला भेटायचंय. बाई येते, पण कमरेपर्यंत जमिनीत रुतलेली, आणि जवळ गेलं तरी बोलायचा पर्यायच दिसत नाही. साईड मिशनं होतात, नकाशाभर भटकता येतं, कथा मात्र तिथेच ठप्प. ऑटोसेव्ह सगळे या घोळानंतरचे आहेत. आधीचा एक सेव्ह हाताशी होता, तोही गेला: त्याच्यावर नवा सेव्ह होत असताना लाईट गेली आणि फाईल आता शून्य केबी दाखवते. इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेली की पंखे चालू राहतात आणि पीसी रिस्टार्ट होतो.

कंपनी म्हणते, मोठा पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारं अपडेट, येतोय. येऊ दे, पण आमच्या वाडीत फायबर नाही, मोबाईलची रेंज माडीच्या एका खिडकीत, आणि दिवसाचा डेटा पॅच बघूनच संपेल. चिपळूणला मामेभावाकडे चांगलं नेट आहे.

खरा प्रश्न असा: पॅच टाकल्यावर जुना सेव्ह सुधारतो का? शंका यायचं कारण सायबरपंक २०७७ हा गेम. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाईल ८ एमबीच्या वर गेली की खराब व्हायची. १.०६ पॅचने ती मर्यादा काढली, पण आधी खराब झालेल्या फाईली तशाच राहिल्या. आणि हा गेम तारीख अनेकदा पुढे ढकलून आलेला! सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला होता, तो पुढच्या जूनमध्ये परत आला. त्याचं मोठं २.० अपडेट तर सप्टेंबर २०२३ चं. तेवढं थांबायची माझी तयारी नाही.

रिफंडचं सुचवू नका. स्टीमचा नियम १४ दिवस आणि २ तासांच्या आत खेळलेलं असा आहे. असल्या गेमात २ तास तर घोड्यावर बसायला शिकण्यातच जातात. “पहिल्या दिवशी घेतलासच कशाला” हेही घरी ऐकून झालंय.

प्रतिसाद १
दादा, शून्य केबीची फाईल विसरा. पण गेम उघडण्याआधी त्याचं क्लाऊड सिंक (सेव्ह आपोआप स्टीमच्या सर्व्हरशी जुळवणं) बंद करा आणि सेव्हचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. अडकलेल्या सेव्हबद्दल सांगायचं तर मिशन कुठवर आलंय याची नोंद सेव्हमध्येच असते. बाई नुसती चुकीच्या जागी उभी असेल तर पॅचने सुटेल, नोंदच बिघडली असेल तर कठीण. आधी तिथून खूप लांब जा, गेममधले एक-दोन दिवस झोपून काढा, मग परत या. तो भाग नव्याने लोड झाला की कधीकधी माणसं जागेवर येतात.

प्रतिसाद २
इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा स्विच आहे का बघा. साध्या मोडवर बॅटरीकडे वळायला जो क्षण लागतो त्यात पीसी बंद पडतो. आणि पॅचसाठी पीसी चिपळूणला नेऊ नका. भावाकडे स्टीमवर तोच गेम असेल तर अपडेट झालेला फोल्डर हार्ड डिस्कवर आणा, तुमच्याकडे फाईली तपासून घ्या. थोडंफार डाऊनलोड होईलच.

धागाकर्ता
स्विच आहे, मागच्या बाजूला, कोळिष्टकांत! वळवलाय. भावाकडे गेम आहे, शनिवारी येताना डिस्क आणायला सांगितलंय. लांब जाऊन झोपून बघितलं, बाई आता गुडघ्यापर्यंत वर आलीये, पण बोलत नाही. क्लाऊड सिंक बंद करायचं नेमकं कुठे असतं?

प्रतिसाद १
लायब्ररीत गेमवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल. गुडघ्यापर्यंत आलीये तर अजून एकदा झोपून बघा.