शेजारच्या एफएमनं पॉवर वाढवली आणि आमचं १०२.७ गेलं

शिलाईवाली_इचल:
इचलकरंजीत माझं ब्लाउज शिलाईचं दुकान आहे, घराला लागूनच. मशीन सुरू झालं की रेडिओ सुरू, आकाशवाणी कोल्हापूर, १०२.७. सेट जुना, काट्याचा, पण आवाज गोड. दक्षिणेला, मागच्याच रस्त्यावर एका स्थानिक एफएमचा टॉवर आहे. इतकी वर्षं त्याचा काही त्रास नव्हता. दिवाळीनंतर तेच दिवसभर सांगत होते, आमची पॉवर वाढली, आता लांबलांब ऐका. लांबच्यांचं माहीत नाही, आमची वाट लागली. काटा १०२.७ वर आणला की मागून ह्यांच्या जाहिराती. शिवाय तेच स्टेशन पट्ट्यावर आणखी दोन-तीन ठिकाणी लागतं, आणि एका जागी तर दोन स्टेशनांची खिचडी: एक बाई साबण विकतेय, मागं दुसऱ्याच कुणाचं गाणं. नदीपलीकडं नणंदेकडं कोल्हापूर स्वच्छ लागतं, म्हणून जास्तच चिडचिड होते. केबलवाला म्हणतो बूस्टर लावा. लावू का? की तक्रार करू?

पुणेकर_८८:
आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप आहे की. रेडिओ कोण ऐकतं आता?

शिलाईवाली_इचल:
मी ऐकते. फोन गिऱ्हाइकांना लागतो दादा. दर दहा मिनिटांनी कुणीतरी "झालं का माझं?" विचारतंय, त्यात गाणं कुठलं ऐकायचं!

जुना_मेकॅनिक_सांगली:
ताई, बूस्टर अजिबात नको. तो कोल्हापूरबरोबर शेजाऱ्यालाही वाढवतो, आणि तुमच्याकडं तोच तर जास्त झालाय.

सेटच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला एका मर्यादेपर्यंतच सिग्नल झेपतो. त्यापुढं गेला की तो आत आलेली स्टेशनं एकमेकांत मिसळून नवीच तयार करतो. समजा ९५ आणि १०० वर दोन जोरदार स्टेशनं आहेत. ९५ ची दुप्पट वजा १०० म्हणजे ९०, आणि १०० ची दुप्पट वजा ९५ म्हणजे १०५. ह्या दोन जागी हवेत काही नसलं तरी सेटवर दोघांची खिचडी वाजणार. तुमची साबणवाली बाई बहुतेक तिथलीच.

पॉवर चौपट केली तरी ऐरियलवरचं व्होल्टेज दुप्पटच होतं. म्हणजे तुमचा सेट आधीपासून काठावर होता, ह्या वाढीनं पलीकडं गेला. नणंदेचं घर टॉवरपासून लांब, तिथं हा प्रश्नच नाही.

आता एक करून बघा. १०२.७ लावा आणि ऐरियलच्या कांड्या एकेक आत ढकला. सिग्नल थोडा कमी झाला की ही खोटी स्टेशनं त्याच्या कितीतरी पट घसरतात. खरी स्टेशनं हळूहळू बारीक झाली आणि खोटी पटकन गेली, तर दोष सेटच्या पोटात आहे, टॉवरवाल्यांकडं नाही.

हॅम_हौशी:
सांगलीकरांशी सहमत, एक भर घालतो. दारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या रेडिओवरही बघा. गाडीतले सेट साधारणपणे दणकट असतात, जोरदार सिग्नल त्यांना झेपतो. तिथंही त्याच आकड्यांवर तेच भूत दिसलं, तर ट्रान्समीटरच नको तिथं सिग्नल सोडतोय का अशी शंका घ्यायला जागा आहे. मग स्टेशनच्या इंजिनिअरला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर दूरसंचार खात्याची वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणा आहे. वेळ, आकडा आणि कुठला सेट हे लिहून ठेवा. "ऐकू येत नाही" एवढ्यावर कुणी हलत नाही.

कुणी कोॲक्स, म्हणजे टीव्हीच्या गोल केबलच्या तुकड्याचा फिल्टर सुचवेल. मी तो माझ्या हौशी वायरलेसच्या १४५ मेगाहर्ट्झच्या सेटसाठी वापरतो, पण तो जवळजवळ सगळा एफएम पट्टा दाबतो. कोल्हापूरही जाईल.

हडपसरकर:
आमच्याकडं आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झचं मीडियम वेव्ह होतं, १०० किलोवॉटचं. लँडलाइनच्या रिसिव्हरमध्येसुद्धा मागं बातम्या ऐकू यायच्या! एफएममध्ये तसं सहसा होत नाही, ताई सुखी आहेत.

शिलाईवाली_इचल:
सुखी कसली! पण कांड्या ढकलल्या. अर्धं ऐरियल आत गेल्यावर साबणवाली बाई एकदम गप्प. समोरच्यांच्या गाडीत ती नाहीच. म्हणजे सेटचाच दोष म्हणायचा. पण कोल्हापूरही बारीक झालं, खरखर येते. लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवल्यावर जरा बरं आहे, पण तिथून मशीनजवळ आवाज पोचत नाही.

जुना_मेकॅनिक_सांगली:
टॉवर दक्षिणेला ना? कोल्हापूर तुमच्या पश्चिमेला. मग काम सोपं आहे. दोन तारा प्रत्येकी ७० सेंटिमीटर घ्या, एका रेषेत, आडव्या, उत्तर-दक्षिण ताणून भिंतीला ठोका. टोकांच्या दिशेनं हे ऐरियल जवळजवळ बहिरं असतं, म्हणजे टॉवर मार खाणार आणि पश्चिमेचं कोल्हापूर पूर्ण मिळणार. मधली दोन टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, प्रत्येकाला एक तार जोडून सेटपर्यंत आणा. त्या दोन तारांपैकी एक सेटच्या मिटलेल्या ऐरियलला चिमट्यानं लावा, दुसरी बॅटरीच्या मायनसला. सेट सेलवर चालवा, वीज जोडून हे करू नका.

शिलाईवाली_इचल:
यंत्रमागवाल्यांकडून जोडवायर मिळेल, दोन पदरी. चालेल?

जुना_मेकॅनिक_सांगली:
चालेल. टोकाकडून ७० सेंटिमीटर उकला, तिथं गाठ मारा म्हणजे पुढं उकलणार नाही. बाकीची तशीच सेटपर्यंत आणा. खरखर फार राहिली तर उत्तर-दक्षिण थोडं इकडंतिकडं फिरवून बघा, भिंतीतल्या लोखंडामुळं दिशा सरकते.