क्लॅम्प आवळण्याआधी पाइप मोकळा लटकू द्या
गाडीला नवा एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप) बसवल्यापासून खड्ड्यात खडखड येते म्हणता, तर आधी सगळे क्लॅम्प, म्हणजे पाइपचे जोड आवळणाऱ्या पट्ट्या, सैल करा. पहिला जोड घाईने आवळला की मागचा पाइप बऱ्याचदा ॲक्सलजवळ (चाकांच्या आसाजवळ) जातो आणि खड्ड्यात त्यावर आपटतो. पाइप रबरी हँगरवर मोकळा लटकू द्या, मग इंजिनाकडून मागे येत आवळा. चाक पूर्ण खाली लोंबताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना, दोन्ही वेळा पाइप आणि ॲक्सलमधलं अंतर बघा. तापल्यावर पाइप लांबतो, तेही धरा.

जोडातून गळती होऊ नये म्हणून मध्ये बसवलेलं जुनं गॅस्केट मात्र पुन्हा वापरू नका, अगदी कळकळीने सांगतोय. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत येते, सेन्सर फसतो आणि इंजिन उगाच जास्त इंधन घेतं.

एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर क्लॅम्प परत आवळा.