उघड्यावर बसून काढलेली चित्रं : तुमचे अनुभव

गोदाकाठची
आज सकाळी रामकुंडाजवळ ग्रेड परीक्षेच्या वयाची एक मुलगी मांडीवर पॅड घेऊन नारोशंकराचं देऊळ काढत होती. कळस खोडून खोडून कागदाची लव निघालेली, पण हात थांबत नव्हता. मला एकदम ते वर्ष आठवलं. बाबा अंथरुणाला खिळलेले. औषधं आणायला बाहेर पडले की मी थोडा वेळ घाटावर बसायचे. चित्रकला शिकलेले नव्हतेच. टूबी पेन्सिल आणि पाठकोरे कागद, बस्स. दुतोंड्या मारुती काढायचे आणि नदीला पूर आणायचे. खरी गोदा उन्हाळ्यात आटलेली, माझ्या कागदावर मात्र पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं आणि मी पलीकडच्या काठावर, जिथे औषधांचा वास पोचत नाही. तेवढा वेळ मी खरंच तिथे असायचे.
तुम्ही कुठे बसून काढलीत? चित्रातून कुठे पळून गेलात? लिहा ना.

माळ्यावरचा
+१. पाणी मारुतीच्या कुठवर आलं, यावरच नाशिककर पुराचं माप सांगतात. सविस्तर रात्री लिहितो, कुकर लावलाय.

रानजाई
मेणवली!! नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. पायऱ्या काही केल्या जमेनात, मग नुसत्या सावल्याच भरत गेले आणि घाट आपोआप उभा राहिला. काय आनंद झाला होता! तिथे एक आजी धुणं धूत होत्या, म्हणाल्या, "माझं लुगडं हिरवं कर गं." अंगावरचं विटून पांढुरकं झालेलं. मी हिरवंगार केलं, काठ लाल. ओल्या हातांनी कागद धरता येईना, म्हणून वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

सागरगोटा
मेणवलीची घंटा काढलीस का? चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतली, १७३९ ची. पोर्तुगीजांच्या चर्चमधली आहे ती.

गोदाकाठची
आमच्या नारोशंकराची घंटासुद्धा वसईच्या विजयाचीच सांगतात. रानजाई, लुगडं फार आवडलं.

कौलारू
मिशिगनमधून. इथे हिवाळ्यात बाहेर जलरंग वापरले की रंग कागदावरच गोठतो आणि बर्फाची नक्षी उठते. नोकरी गेली त्या हिवाळ्यात रोज गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहून समोरचं घर काढायचो. हळूहळू त्याला कौलं आली, पडवी आली, जांभ्याचा चौथरा आला, ओटीवर झोपाळा टांगला गेला. शेवटी ते आमचं संगमेश्वरचं घर झालं. घरमालकीणबाई एकदा बघायला आल्या आणि झोपाळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा मला हवा.

माळ्यावरचा
दिला की नाही मग चित्र?

कौलारू
दिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात लावलंय.

उनाडपक्षी
नव्यांसाठी : आधी सावल्या नक्की करा, ऊन तासाभरात सरकतं आणि सगळं चित्रच बदलतं. पुठ्ठ्याला पत्त्याएवढी खिडकी कापून त्यातून बघा, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळतं. एप्रिलच्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओढेपर्यंत वाळतो, म्हणून कागद आधी ओला करून घ्या. ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पन्हळतो. आणि समोर उभ्या असलेल्या गाड्या काढायलाच हव्यात असं कुणी सांगितलंय? मी सरसकट गाळतो, तिथे झाडं लावतो.

शेवंती
आमचा कडुनिंब. केमोच्या वॉर्डाच्या खिडकीखालचा. रोज तोच काढायचे आणि रोज त्यावर नवा पक्षी बसवायचे, तिथे कधीच न आलेला. वर नेऊन ह्यांना दाखवायचे, त्यांनी ओळखायचा. धनेशाची चोच मी फारच मोठी केली होती, तेव्हा सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी पेन्सिल मागितली आणि शेजारी त्याची मादी काढली. आता ठणठणीत आहेत.

रानजाई
शेवंतीताई, डोळे भरून आले. ते कागद जपून ठेवलेत ना?

शेवंती
हो गं. रिपोर्टांच्याच फाइलमध्ये आहेत.

सागरगोटा
उनाडपक्षी, ३०० जीएसएमचे सुटे कागद पुण्यात कुठे मिळतील?

उनाडपक्षी
अप्पा बळवंत चौकात विचारा. मोठा कागद घेऊन घरी चार तुकडे केले तर स्वस्त पडतो.

रानजाई
उद्या लेकीच्या पुस्तकांसाठी तिकडेच जातेय. सागरगोटा, तुला आणू?

सागरगोटा
आण आण. आणि एक सिक्सबी पेन्सिल.