मदत हवी आहे: क्यूसॉर्टला स्ट्रकंप दिल्यावर क्रम भलताच का लागतो?

मंडळी, सी भाषेतल्या फंक्शन पॉइंटरपाशी (फंक्शनचा पत्ता ठेवणारा पॉइंटर) गाडी अडली आहे.

कॅरेक्टर पॉइंटरांचा ॲरे आहे, म्हणजे प्रत्येक घटकात स्ट्रिंगचा नुसता पत्ता: सातारा, अकोला, नाशिक, बीड, पुणे (प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीत). क्यूसॉर्टला (क्रम लावणारं तयार फंक्शन) तुलनेचं फंक्शन म्हणून सरळ स्ट्रकंप (दोन स्ट्रिंग ताडणारं फंक्शन) दिलं. लॅबमधल्या जुन्या जीसीसी कंपायलरवर नुसती वॉर्निंग येते, घरच्या जीसीसी १४ वर तीच एरर होऊन बसते. मग समोर कास्ट (प्रकार जबरदस्तीने बदलणं) ठोकला. कंपायलर गप्प, पण यादी जशीच्या तशी! शहरं स्कॅनएफने वाचून मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) घेतलेल्या जागेत ठेवली, तर बीड, पुणे, सातारा, अकोला, नाशिक. हा कुठला क्रम?

मैत्रिणीने हाच कास्ट ५ बाय २० च्या ॲरेवर वापरलाय आणि तिचं उत्तर बिनचूक येतं. "स्वतःचं फंक्शन लिहा" एवढ्यावर बोळवण करू नका, ते लिहीनच. असं का होतं ते हवंय.

प्रतिसाद १
क्यूसॉर्ट तुलनेच्या फंक्शनला घटक देत नाही, घटकाचा पत्ता देतं, तोही कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर (कशाचा ते न सांगणारा पत्ता) म्हणून. मैत्रिणीचा घटक म्हणजे २० अक्षरांचा कप्पाच, त्यामुळे कप्प्याचा पत्ता आणि पहिल्या अक्षराचा पत्ता एकच. तुमचा घटक मुळात पॉइंटर आहे. स्ट्रकंप बिचारं त्या पॉइंटरचे बाइटच अक्षरं समजून ताडून बघतं.

इंटेल-एएमडीवर पत्त्याचा सर्वांत खालचा बाइट आधी असतो. कोडात लिहिलेल्या स्ट्रिंग बहुधा ओळीने शेजारी बसतात, तो बाइट चढत जातो, म्हणून यादी हलली नाही. मॅलॉकचे पत्ते तुमच्याकडे ३२-३२ ने वाढत असणार. मध्येच खालचा बाइट २५५ च्या पुढे गेला की पुन्हा लहान होतो. पत्ते छापून बघा.

उपाय: दोन्ही पॅरामीटर कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटरच ठेवा. आत त्यांना कॅरेक्टर पॉइंटरचा पॉइंटर करा, एक तारा लावून आतला पॉइंटर काढा आणि तो स्ट्रकंपला द्या. क्यूसॉर्टपाशी कास्ट लागणारच नाही.

प्रतिसाद २
मैत्रिणीचा कोडही चालतोय तो नशिबाने. फंक्शनचा पॉइंटर दुसऱ्या प्रकारात कास्ट करायला हरकत नाही, पण त्या न जुळणाऱ्या प्रकारातून फंक्शन बोलावलं की सी च्या स्टँडर्डच्या लेखी ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची हमी नाही.

धागाकर्ती
छापले पत्ते. हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या आकड्यांत) नाशिकच्या पत्त्याचा शेवट ६एफ०, बीडचा ७१०; खालचा बाइट म्हणजे शेवटचे दोन अंक. एफ० पेक्षा १० लहान, म्हणून बीड वर! नव्या फंक्शनने अकोला पहिलं आलं. मैत्रिणीलाही कास्ट काढायला सांगते.